सरावाचे प्रश्न आणि प्रश्नांचा सराव

परीक्षा म्हटली कीं ती मुलांची, ही आपल्या घरांतील जुनी समजूत. पदवी हातीं आली, नोकरी लागली, लग्न झालें, म्हणजे माणूस परीक्षेच्या तावडींतून कायमचा सुटला, असेंच वडील माणसें मानीत आलीं. हल्लीं मात्र निराळें दृश्य दिसूं लागलें आहे. पुण्यामुंबईच्या, तसेंच बंगळुरास किंवा परदेशीं स्थायिक झालेल्या कित्येक मराठी कुटुंबांत चाळिशीला टेकलेला कर्ता मुलगा, किंवा दोन लेकरांची आई असलेली सून, रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर अभ्यासाला बसते, आणि घरांतलीं मुलेंच एकमेकांस दटावतात कीं, "गडबड करूं नका, आईची परीक्षा आहे!"

नोकरीपेशांतील माणसें देत असलेल्या अशा परीक्षांत प्रकल्प-व्यवस्थापनाची 'पी.एम.पी.' ही परीक्षा बरीच नांवाजलेली आहे. ती घेणारी संस्था अमेरिकेंतील. 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट' या नांवाची ही संस्था १९६९ सालीं स्थापन झाली, आणि ही परीक्षा तिनें १९८४ सालीं सुरू केली. पुण्यांत व मुंबईंत संस्थेचीं स्थानिक मंडळें आहेत. संगणकाच्या, बांधकामाच्या आणि यंत्रनिर्मितीच्या धंद्यांत या प्रमाणपत्रास मान आहे. नुसती फी भरून या परीक्षेस बसतां येत नाहीं. २०२१ सालच्या नियमांप्रमाणें चार वर्षांची पदवी असलेल्या उमेदवारास प्रकल्प चालविण्याचा ३६ महिन्यांचा, आणि तशी पदवी नसलेल्यास ६० महिन्यांचा अनुभव दाखवावा लागे. त्याखेरीज ३५ तासांचें शिक्षण घेतल्याचा दाखला निराळाच. तेव्हां येथें बसणारा उमेदवार हा कोरा विद्यार्थी नसून कामाचे टक्केटोणपे खाल्लेला माणूस असतो, ही गोष्ट प्रथमच ध्यानांत ठेवावी.

'प्रकल्प' हा शब्द ऐकून घरांतील वडील माणसांनीं बिचकून जाण्याचें कारण नाहीं. ज्याला आरंभ आहे, शेवट आहे, आणि जें पूर्वीं हुबेहूब तसेंच कधीं झालेलें नाहीं, असें कार्य म्हणजे प्रकल्प. रोजचा स्वयंपाक हा प्रकल्प नव्हे. घरचें लग्नकार्य हा प्रकल्प होय. मुहूर्त कोणासाठीं थांबत नाहीं, पैशाला मर्यादा असते, व्याह्यांचे मानपान सांभाळावयाचे असतात, आचारी ऐन वेळीं आजारी पडेल ही धास्ती असते, आणि साखरपुड्यापर्यंत ठरलेल्या दोनशें पानांचीं तीनशें पानें कधीं होतात हें कोणासच कळत नाहीं. वेळ, खर्च, व्याप्ति, माणसें आणि जोखीम या पांचांची सांगड घालणें हेंच प्रकल्प-व्यवस्थापन. ज्या गृहिणीनें चार लग्नें यथासांग पार पाडलीं आहेत, तिला या शास्त्राचें मर्म सांगावें लागत नाहीं. फक्त त्याची परिभाषा तेवढी सांगावी लागते.

परीक्षेचें स्वरूप

जानेवारी २०२१ मध्यें या परीक्षेस जें रूप आलें, त्यांत १८० प्रश्न आणि २३० मिनिटें वेळ होता. हिशेब केला तर एका प्रश्नास सरासरी ७७ सेकंद मिळत. दर साठ प्रश्नांनंतर दहा मिनिटांची विश्रांति घेतां येई, अशा दोन. परंतु विश्रांति घेतली कीं मागील साठ प्रश्नांकडे पुन्हां वळून पाहतां येत नसे. पांच प्रश्न केवळ चांचणीदाखल घातलेले असत. त्यांचे गुण धरीत नसत, पण ते कोणते हें उमेदवारास कळत नसे. प्रश्नांपैकीं शेंकडा ४२ माणसांना सांभाळण्याविषयीं, शेंकडा ५० कार्यपद्धतीविषयीं आणि शेंकडा ८ व्यवसायाच्या एकंदर परिस्थितीविषयीं असत. सुमारें निम्मे प्रश्न आधीं संपूर्ण योजना आंखून काम करण्याच्या जुन्या पद्धतीवर. आणि उरलेले, थोडें थोडें काम हातावेगळें करून दाखवीत पुढें जाण्याच्या 'ॲजाइल' पद्धतीवर किंवा दोहोंच्या मिश्रणावर. त्यापूर्वीं हीच परीक्षा २०० प्रश्नांची व चार तासांची होती. संस्था आपला आराखडा वेळोवेळीं बदलीत असते. यास्तव आपल्या परीक्षेच्या तारखेस कोणता आराखडा लागू आहे हें उमेदवारानें संस्थेच्याच संकेतस्थळावर पाहून घ्यावें, ऐकीव माहितीवर विसंबूं नये.

परंतु आंकड्यांहून महत्त्वाचा आहे तो प्रश्नांचा स्वभाव. "जोखीम म्हणजे काय?" असें येथें सहसा विचारीत नाहींत. चारपांच ओळींत एक प्रसंग वर्णिलेला असतो, आणि शेवटीं विचारलेलें असतें कीं, अशा वेळीं व्यवस्थापकानें प्रथम काय करावें? उत्तरासाठीं दिलेले चारही पर्याय प्रथमदर्शनीं शहाणपणाचेच वाटतात. त्यांतले दोन तर पुष्कळदां खरोखरच करण्याजोगे असतात. फक्त एक आधीं आणि एक नंतर, एवढाच भेद. पाठांतराच्या जोरावर हा भेद कळत नाहीं. तो कळतो सरावानें. आणि म्हणूनच सरावाच्या प्रश्नांचा एक मोठा बाजार आज भरला आहे. पुस्तकें, वर्ग, संगणकावरील संच, एकेका संचांत शेंकड्यांनीं प्रश्न! उमेदवारही भेटला म्हणजे सांगतो, "माझे दोन हजार प्रश्न झाले." हा 'झाले' शब्दच घोंटाळ्याचा आहे. प्रश्न सोडविला म्हणजे झाला, कीं उत्तर पाहिलें म्हणजे झाला, कीं तें उत्तर कां बरोबर हें दुसऱ्यास पटवून देतां आलें म्हणजे झाला? आमच्या मतें तिसऱ्या पायरीपर्यंत पोंचलेला प्रश्नच काय तो जमेस धरावा. हजार प्रश्न पहिल्या पायरीवर सोडून देण्यापेक्षां तीनशें प्रश्न तिसऱ्या पायरीपर्यंत नेणें अधिक फलदायी आहे.

परवच्याचें शास्त्र

प्रश्नांनीं अभ्यास पक्का होतो, ही कांहीं नुसती समजूत नव्हे. अमेरिकेंतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विश्वविद्यालयांत रोडिगर आणि कार्पिक या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं केलेले प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांतील एका प्रयोगांत विद्यार्थ्यांच्या एका गटास एक उतारा चार बैठकींत पुन्हांपुन्हां वाचावयास दिला. त्या अवधींत त्यांचीं सरासरी १४ वाचनें झालीं. दुसऱ्या गटानें पहिल्या बैठकींत तो तीनचार वेळां वाचला, आणि पुढील तीन बैठकींत उतारा दृष्टीआड करून आठवेल तेवढें लिहून काढलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली, तेव्हां नुसतें वाचणाऱ्यांस शेंकडा ८३ भाग आठवला आणि लिहिणाऱ्यांस ७१. येथेंच थांबलों तर वाचनाचा जय झाला असें म्हणावें लागेल. परंतु आठवड्यानें पुन्हां पाहिलें, तों वाचणाऱ्यांजवळ ४० उरले होते आणि लिहिणाऱ्यांजवळ ६१! मौजेची गोष्ट अशी कीं, आपल्याला अधिक दिवस आठवेल, असा भरंवसा वाचणाऱ्यांनाच अधिक वाटत होता.

पुढें २०१३ सालीं डनलॉस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अभ्यासाच्या दहा प्रचलित रीतींची छाननी केली. तींत स्वतःची परीक्षा घेणें आणि अभ्यास दिवसादिवसांवर विभागणें या दोन रीतींस त्यांनीं सर्वांत वरची जागा दिली. पुन्हांपुन्हां वाचणें आणि ओळींवर रंग फासणें या आपल्या लाडक्या रीति खालच्या पंक्तींत बसल्या.

आपल्या घरांत हें तत्त्व कोणास अगदींच नवें वाटूं नये. दिवेलागणीस मुलांना ओळीनें बसवून परवचा म्हणवून घेत, तेव्हां हातांत पुस्तक नसे. जें येतें तें बाहेर पडे, जेथें अडखळे तेथें आजोबांचें बोट वर होई, आणि दुसऱ्या दिवशीं नेमका तोच पाढा पुन्हां विचारला जाई. आठवून सांगणें, चूक जागच्या जागीं सुधारणें आणि कांहीं काळानें पुन्हां विचारणें हीं तिन्ही अंगें त्यांत होतीं. परवच्यानें पाढे पक्के झाले. पण कोणत्या व्यवहारांत कोणता पाढा लावावा हें मात्र त्यानें शिकविलें नाहीं. पी.एम.पी.च्या परीक्षेस स्मरणाइतकाच हा दुसरा विवेक लागतो. तो कसा येतो हें दोन उदाहरणांनीं पाहूं. हे प्रश्न कोठल्याही संचांतले नसून या लेखासाठींच रचले आहेत.

एक प्रसंग

एका रुग्णालयासाठीं संगणकावर नोंदणीची व्यवस्था उभारण्याचें काम चालू आहे. व्याप्ति, वेळ व खर्च यांस मंजुरी मिळालेली आहे. रुग्णालयांतील एका वजनदार डॉक्टरांनीं परस्पर आपल्या चमूंतील एका तरुणास गांठून, "एवढी एक यादी त्यांत जोडून द्या," म्हणून सांगितलें, आणि त्यानें होकार दिला. तुम्हांस हें आतां कळलें. तुम्ही प्रथम काय कराल? पहिला पर्याय: काम लहान आहे, करून टाकूं द्यावें. दुसरा: तरुणास समज देऊन काम थांबवावें. तिसरा: मागणी नीट समजून घेऊन तिचा वेळेवर व खर्चावर काय परिणाम होईल हें चमूसह तपासावें, आणि मग ती बदलांच्या ठरलेल्या रीतीनें मंजुरीसाठीं मांडावी. चौथा: वरिष्ठांकडे तक्रार करावी.

तिसरा पर्याय बरोबर, हें बहुतेकांस कळेल. परंतु खरा अभ्यास येथून पुढें आहे. पहिला कां नको? कारण आजची एक यादी उद्यां दहा होतात, आणि दोनशें पानांचीं तीनशें पानें होण्याचा तोच मार्ग असतो. दुसरा कां नको? कारण डॉक्टरांची गरज खरीही असूं शकेल. ती न ऐकतां दार लावून घेणें हें व्यवस्थापन नव्हे. शिवाय तरुणाशीं बोलावयाचें तें एकांतांत आणि समजावणीच्या सुरांत. चौथा कां नको? कारण जें आपल्या अधिकारांत सुटण्याजोगें आहे, तें वर ढकलणें म्हणजे आपलें काम दुसऱ्याच्या गळ्यांत घालणें.

आतां प्रसंगांतील एकच गोष्ट बदला. समजा, हें काम ॲजाइल पद्धतीनें चाललें आहे. तेथें कामांची एक यादी असते, आणि तिच्यांत अगोदर काय व नंतर काय हें ठरविण्याचा अधिकार 'प्रॉडक्ट ओनर' म्हणून नेमलेल्या व्यक्तीकडे असतो. मग डॉक्टरांची मागणी त्या व्यक्तीकडे न्यावयाची, आणि इतर कामांच्या मानानें तिचें मोल ठरवून यादींत तिला योग्य ती जागा द्यावयाची. मंजुरीच्या लांबलचक पत्रव्यवहाराची येथें आवश्यकता नाहीं. प्रसंग तोच, माणसें तींच, पण उत्तराची वाट बदलली. ज्यानें पहिलें उत्तर नुसतें पाठ केलें तो येथें चुकेल. 'मागणी ऐका, परिणाम जोखा, अधिकार ज्याचा त्यास निर्णय घेऊं द्या,' हें तत्त्व ज्याच्या हातीं लागलें तो दोन्ही ठिकाणीं तरेल. म्हणून प्रत्येक प्रश्न सोडविल्यावर त्यांतील एखादी गोष्ट बदलून, आतां उत्तर काय, असें स्वतःस विचारावें. असा एक बदललेला प्रश्न चार नव्या प्रश्नांच्या तोडीचा असतो.

एक हिशेब

गणिताचे प्रश्न या परीक्षेंत थोडे असतात, पण त्यांतही केवळ सूत्रानें भागत नाहीं. समजा, घराच्या बांधकामासाठीं १२ लाख रुपये ठरले आहेत. तीन महिन्यांअखेर ६ लाखांचें काम व्हावयास हवें होतें. प्रत्यक्षांत ५ लाखांचेंच झालें, आणि त्यावर सव्वासहा लाख खर्च झाले. खर्चाचा निर्देशांक काढावयाचा तर झालेल्या कामाच्या किंमतीस झालेल्या खर्चानें भागावयाचें. ५ भागिले ६.२५, म्हणजे ०.८. रुपया खर्चून ऐशीं पैशांचेंच काम पदरांत पडत आहे. गतीचा निर्देशांक ५ भागिले ६, म्हणजे सुमारें ०.८३, कामही मागें पडलें आहे. येथपर्यंत सर्वांचें उत्तर एकच.

पुढचा प्रश्न: मग घर एकंदर किती रुपयांत पुरें होईल? पुष्कळ उमेदवार ताबडतोब १२ लाखांस ०.८ नें भागतात आणि १५ लाख असें उत्तर देतात. जर हाच खर्चिकपणा शेवटपर्यंत राहणार असेल, तर तें बरोबर आहे. परंतु प्रश्नांत असें सांगितलें असेल कीं, अवकाळी पावसानें सिमेंट भिजून एकदांच नुकसान झालें, आणि उरलेलें काम ठरल्या दरानेंच होईल. तर झालेला खर्च सव्वासहा लाख, अधिक उरलेलें ७ लाखांचें काम, मिळून सव्वातेरा लाख हें उत्तर. आंकडे तेच, सूत्रें दोन, आणि कोणतें लावावें हें सांगणारें एकच वाक्य प्रश्नाच्या पोटांत दडलेलें. तें वाक्य डोळ्यांआडून निसटूं न देणें, हेंच सरावाचें खरें फळ.

चुकांची वही

यासाठीं एक साधी वही घालावी. तींत बरोबर आलेल्या उत्तरांची संख्या लिहूं नये, चुकलेल्यांची कारणें लिहावीं. कारणें बहुधा चारच निघतात: विषय ठाऊक नव्हता, विषय ठाऊक होता पण प्रश्न नीट वाचला नाहीं, दोन पर्यायांत घोंटाळा झाला, किंवा आपल्या कचेरींतील वहिवाट आड आली. हें चौथें कारण अनुभवी माणसाचें वैरी असतें. "आमच्याकडे तर असेंच करतात," हें उत्तर परीक्षेंत चालत नाहीं. आणि पुष्कळदां तें कचेरींतही चालावयास नको असतें. चार आठवड्यांनीं वही चाळली म्हणजे आपल्या चुका कोणत्या कप्प्यांत अधिक पडतात तें दिसतें, आणि औषध त्याप्रमाणें योजतां येतें. ज्ञान कमी असेल तर पुस्तक उघडावें. वाचन उतावळें असेल तर शेवटचें वाक्य आधीं वाचून मग प्रसंगाकडे वळावें. पर्यायांत घोंटाळा होत असेल तर प्रत्येक टाकलेल्या पर्यायापुढें तो कां टाकला हें एका ओळींत लिहावें.

उत्तर देतांना त्यापुढें आणखी एक खूण करावी: खात्री आहे, शंका आहे, कीं नुसता अंदाज आहे. अंदाजानें बरोबर आलेलें उत्तर हें बरोबर नव्हेच. त्यास चुकलेल्यांतच धरावें. उलट, पूर्ण खात्रीनें दिलेलें उत्तर चुकलें तर खिन्न होण्याचें कारण नाहीं. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनीं २००१ सालीं दाखवून दिलें कीं, ठाम विश्वासानें केलेली चूक, खरें उत्तर समजतांच, डळमळीत मनानें केलेल्या चुकीपेक्षां अधिक पक्की सुधारते. अपेक्षाभंगाचा धक्का स्मरणाला चांगला मानवतो.

तेच तेच प्रश्न पुन्हां सोडवून शेंकडा नव्वद गुण मिळाले म्हणजे फार जणांना हुरूप येतो. पण तेथें आपण प्रश्न ओळखतों, सोडवीत नाहीं. चुकलेला प्रश्न आठदहा दिवसांनीं जरूर पुन्हां घ्यावा, मात्र पर्याय झांकून, उत्तर आधीं आपल्या शब्दांत सांगून. आपली तयारी मापावयाची असेल तर पूर्वीं न पाहिलेला संच घ्यावा. पूर्ण लांबीची सराव-परीक्षा शेवटच्या तीनचार आठवड्यांत दोनतीनदां द्यावी, ती एका बैठकींत, तितक्याच विश्रांति घेऊन. कारण १५० व्या प्रश्नाशीं मेंदू शिणतो तेव्हां काय होतें हें दहा-दहा प्रश्नांच्या तुकड्यांत कधींच कळत नाहीं. अमुक टक्के मिळाले म्हणजे पास, असा ठोकताळाही मानूं नये. उत्तीर्ण होण्यास किती गुण लागतात तें संस्था जाहीर करीत नाहीं.

प्रश्न पारखून घ्यावे

सर्वच प्रश्न सारखे नसतात. संस्थेच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या २०१७ सालच्या सहाव्या आवृत्तींत ४९ प्रक्रिया मोजून सांगितल्या होत्या. २०२१ सालच्या सातव्या आवृत्तींत ती मांडणी बाजूस ठेवून १२ तत्त्वांवर भर दिला. त्यामुळें जुन्या पुस्तकांतील कित्येक प्रश्न आज केवळ स्मरणशक्तीची कसरत म्हणून उरले आहेत. ज्या संचांत उत्तराखालीं कारण दिलेलें नाहीं, किंवा बरोबर पर्यायाचें समर्थन आहे पण चुकीच्या तिहींबद्दल मौन आहे, तो संच स्वस्त मिळाला तरी महागच समजावा.

आणखी एका मालाबद्दल स्पष्ट बोललें पाहिजे. प्रत्यक्ष परीक्षेंतील प्रश्न फोडून विकणारे लोक असतात. असे प्रश्न घेणें व देणें हें नियमबाह्य आहे. आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या नीतिसंहितेचीं जबाबदारी, आदर, न्याय्यता व प्रामाणिकपणा हीं चार अंगें आहेत. या चारांचीच परीक्षा देण्यास निघालेल्या माणसानें चोरीच्या प्रश्नांवर तयारी करावी, हा विसंवाद कोणासही कळण्याजोगा आहे. पकडले जाण्याची भीति क्षणभर बाजूस ठेवूं. असा माणूस पास झाला तर त्याच्या हातीं उद्यां इतरांचा पैसा, इतरांचे दिवस आणि दहावीस माणसांची उपजीविका दिली जाईल. आणि त्या दिवशीं प्रश्नाखालीं चार पर्याय छापलेले नसतील.

घरचा वांटा

एकत्र कुटुंबांतील उमेदवाराला एक लाभ असा आहे, जो वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यास नाहीं: त्याला परीक्षक घरांतच मिळतो. आजोबांना किंवा सासूबाईंना या विषयाचें ज्ञान असण्याची गरज नाहीं. त्यांनीं चार प्रश्न तेवढे विचारावे. काय विचारलें आहे? हेंच उत्तर कां? बाकीचीं कां नकोत? आणि परिस्थिति बदलली तर? उमेदवारानें या चारांचीं उत्तरें साध्या मराठींत द्यावीं. आपले लोक ही परीक्षा इंग्रजींतून देतात. इंग्रजी शब्दांच्या आडोशास अर्धवट समजूत सुखानें लपून बसते. घरच्या भाषेंत सांगूं लागलें कीं ती उघडी पडते. सासूबाईंनीं "म्हणजे काय ग?" असें विचारलें, आणि सुनेला दोन वाक्यांत सांगतां आलें नाहीं, तर तो धडा अजून तयार झाला नाहीं असें खुशाल समजावें. निवृत्त झालेल्या, हिशेबांत मुरलेल्या आजोबांना तर वरचा बांधकामाचा प्रश्न घालून पाहावा. सव्वातेरा लाखांवर ते बहुधा उमेदवाराच्या आधीं पोंचतील.

दुसरी गोष्ट वेळेची. दिवसभर नोकरी करून अभ्यास करणाऱ्या माणसाला रोज एक निवांत तास मिळाला तरी तीन महिन्यांत नव्वद तास होतात. हा तास मुलाला सहज मिळतो. सुनेला मात्र तो मागावा लागतो, आणि मागितल्यावरही स्वयंपाकघरांतून तीन वेळां हांक येते. घरानें हा तास ठरवून द्यावा, आणि त्या अवधींत तिचें काम कोणी करावयाचें हेंही ठरवावें. नुसती परवानगी देऊन काम तसेंच ठेवलें तर ती परवानगी फुकटची असते. आणि परीक्षा घेऊन येणाऱ्या प्रत्येक सराव-दिवशीं "किती मिळाले?" हा प्रश्न विचारण्याचा मोह घरांतील सर्वांनीं आवरावा. त्याऐवजीं "आज कोणता प्रश्न चुकला, आणि कां?" असें विचारावें. पहिल्या प्रश्नानें माणूस आंकडे फुगवूं लागतो. दुसऱ्यानें तो चूक उघड करावयास शिकतो. हेंच वळण घरांतील शाळकरी मुलांच्या डोळ्यांसमोर पडत असतें, हाही लाभ लहान नव्हे.

अपयश आलें तरी वाट बंद होत नाहीं. अर्ज मंजूर झाल्यापासून एका वर्षांत तीनदां बसण्याची मुभा संस्थेनें ठेवलेली आहे. निकालांत कोणत्या विभागांत आपण लक्ष्याच्या वर आहों व कोणत्यांत खालीं, हेंही कळतें. तो निकाल चुकांच्या वहींतील आणखी एक पान समजून तेथून पुढें अभ्यास सुरू करावा. आणि यश आलें तरी दर तीन वर्षांत ६० गुणांचें नवें शिक्षण घेतल्याखेरीज प्रमाणपत्र टिकत नाहीं. म्हणजे वही मिटण्याची वेळ तशी येतच नाहीं.

प्रमाणपत्र भिंतीवर लागेल, पगारांत कदाचित् भर पडेल. त्याचा आनंद घरानें जरूर करावा. परंतु तीन महिने रोज रात्रीं ज्यानें स्वतःस "प्रथम काय?" आणि "हें कां नको?" असें विचारलें, तो उद्यां कचेरींत कोणी परस्पर दिलेला होकार ऐकून एकदम संतापणार नाहीं, आणि लगेच मानही डोलावणार नाहीं. तो आधीं मागणी ऐकून घेईल. सरावाच्या प्रश्नांकडून एवढें मिळालें तर फीचे पैसे आणि घरच्या मंडळींनीं दिलेले ते तास वसूल झाले असें समजावयास हरकत नाहीं.